नऊ डोकी

शुक्रवारी दुपारी रोल्यातल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून
मी पेन्सिल घेऊन बसतो, पोरांच्या मागच्या बाकावर.
ल्युर्देस मॅडम म्हणतात, बाई म्हणजे नऊ डोकी:
डोक्याएवढं एक घर, अशी नऊ आखा,
मग कंबर, मग गुडघा.
एवढी उंच बाई अठरा वर्षांत
माझ्या मापवहीत आली नाही.

खरं तर कुणीच आली नाही.
ड्रायव्हर आणतो पिशवीतून जुना अबाया,
"असाच एक."
मी तो टेबलावर पसरतो, टेप लावतो,
छाती चव्वेचाळीस, बाही अठ्ठावीस,
उंची अठ्ठावन्न.

इथे आधी अंग काढायचं, कपडा नंतर.
खडूची रेघ निमूट आडवी पडायची,
ही पेन्सिल म्हणते, उभं कर.
काळं भरता भरता माझा कागद फाटला तेव्हा
मॅडम म्हणाल्या, मिस्टर मुकादम,
काळं दिसायला हवं तर
घडीवर थोडं कोरं सोडा.

सोडलं.
आणि आठवली ती रमजानआधी येणारी पिशवी:
उजवं कोपर विरलेलं,
डाव्या कुशीची शिवण ताणून उसवलेली.
गेली दोन वर्षं मात्र
शिवण जागच्या जागी असते.

तिला काढली. साडेसात डोक्यांतच संपली.
चेहरा काढायचा नसतो, असा नियमच आहे;
बरं झालं.
डावीकडे कलंडलेली कंबर
मॅडम लाल पेनाने सरळ करू लागल्या.
"राहू द्या," म्हटलं,
"कडेवर पोर आहे."

त्यांनी कागद उजेडाला धरला,
बराच वेळ शोधलं.