दहा मिनिटांचा जेल

हिंगण्याच्या एमआयडीसीत, टायरच्या गोदामामागे
आमची प्रयोगशाळा : दोन खोल्या, एक कूलर,
आणि बाहेर मे महिना, पत्र्याला टेकून उभा.

मी सिमेंट कालवते.
घराचं नाही. हे उतरणार तीन हजार मीटर खाली,
पोलादी नळी आणि खडक यांच्यामधल्या
चार बोटं अंधारात.

खडक फुटका असतो.
राष्ट्रपाल त्रिपुराच्या विहिरीवरून सांगायचा,
"मॅडम, ओततो, ओततो, अन् वर काहीच येत नाही.
जमीन पिऊन टाकते. ढेकरही देत नाही."

म्हणून ही पांढरी भुकटी, जिप्समच्या घराण्यातली,
शंभराला आठ.
ढवळत असाल तोवर ताक,
हात काढला की दही,
पुन्हा ढवळलं, पुन्हा ताक.
भेगेत शिरताना त्याचा वेग मरतो
आणि वेग मेला की ते तिथंच मांडी घालून बसतं.
पुढच्या सिमेंटला मग वाट उरते एकच, वरची.

थिक्सोट्रॉपिक.
रजिस्टरात हा शब्द मी अजून दोनदा तपासून लिहिते.

लहानपणी ह्याला खळ म्हणायचे.
गोळीबार चौकामागच्या गल्लीत
पाजणीच्या पहाटे ताणा पसरलेला, या दारापासून त्या दारापर्यंत,
आणि मी सात वर्षांची, पातेल्यात दांडा घेऊन.
"हात थांबू देऊ नको वो बाई, बसते ते."
संक्रांत जवळ आलेली. वर कोणीतरी ओरडलं, ओ काऽट!
आणि मी कटलेल्या पतंगामागे.
परतले तेव्हा दांडा पातेल्यात आपोआप उभा.
आबा रागावले नाहीत. दोन्ही हातांनी दांडा धरला,
हळू, अगदी हळू फिरवला.
"रुसली होती," म्हणाले.

आज दुपारी पावणेतीनला लाइट गेली.
कूलर थांबला, यंत्र थांबलं,
कपातला नमुना जिथल्या तिथं.
आणि त्याच वेळी फोन :
"मॅडम, पंप बंद पडला. अकरा मिनिटं झाली.
दुसरा जोडलाय. किती दाब देऊ?"

कमी दिला तर हलणार नाही.
जास्त दिला तर खालचा खडक फाटेल
आणि मग जमीन नळीसकट आमचा हिशेबही पिईल.

सकाळचा आकडा रजिस्टरात होता.
पण सकाळी कूलर होता, अन् मला खात्री नव्हती.
"फोन धरून ठेव," म्हटलं,
आणि यंत्राला हाताची दांडी लावली.
घाम डोळ्यांत. एक फेरा.
काटा चढला. ऐंशी. शंभर. एकशे दहा,
थरथरला,
आणि पडला.

"एकशे बारा धर. पण झटका देऊ नको, राष्ट्रपाल.
हळू. रुसलेलं असतं ते."
"काय असतं?"
"हळू दे म्हणते ना!"

मग बराच वेळ नुसता पंपाचा आवाज,
दूरचा, दमेकऱ्यासारखा.
कोणीतरी बंगालीत ओरडलं.
"सरकलं," तो म्हणाला.
तासाभरानं पुन्हा फोन आला :
"वर आलं मॅडम. राखाडी. बादलीत हात घालून पाहिलं."

मी कप खरवडला. कडा नखात राहिल्या.

घरी आबा पंख्याखाली, भिंतीकडे तोंड करून.
माग विकला त्याला तीन वर्षं झाली,
तेव्हापासून ते जेवतात, झोपतात, हो म्हणतात.
मी खाटेच्या कडेला बसले.
"आबा, खळीत पाणी किती घालायचो आपण?"

पंख्याची एक फेरी, दुसरी, कितीतरी.
खाट करकरली.

"कोणत्या सुताले?" ते म्हणाले.
"साठच्या का ऐंशीच्या?"