साडेअकरा किलो

आधी छाती झाली.
नौमान बोटींना फायबर मारायचा,
त्याला होडीचं अंग कळायचं, माणसाचं नाही,
म्हणून पहिली छाती निघाली नाळेसारखी,
पुढे टोकदार. हेमूनं घालून बघितली,
म्हणाला, हिला नंबर टाका, बंदरात नोंदवू.

दुसरी जमली.
हार्डनर तो बाटलीच्या झाकणानं मोजायचा,
आभाळ भरलं की अर्धं झाकण जास्त.
बंदीचे दिवस, बोटी वर ओढलेल्या,
ताडपत्रीखाली आम्ही तिघं.
काचेची लव कोपरांत शिरली,
आठवडाभर जेवताना, झोपताना,
बँकेच्या रांगेत खाजवत होतो.
आई म्हणाली, ही खरूज आणलीस कुठून?

नडग्या पीव्हीसी पाइपच्या.
चुलीवर शेकायचा, मऊ पडला की चिरून उघडायचा
आणि ओलं गोणपाट गुंडाळून
नौमानच्याच पायावर दाबायचा.
तो ओरडला ते पाजपंढरीपर्यंत गेलं म्हणतात.
खांदे म्हणजे जाळ्याचे बोये, मधोमध कापलेले.
तोंडावरची काच भंगारातल्या एका ट्रॉलरच्या केबिनची.

सांधे माझे.
कोपर, गुडघा, बगल,
माणूस जिथे वाकतो तिथे चिलखत चालत नाही,
तिथे कापडच लागतं,
हे त्या दोघांना पटायला अख्खा जुलै गेला.
काळं रेग्झिन शिवताना मशीनच्या चार सुया मोडल्या.
सुयांचे पैसे अजून यायचेत.

हा कोण, यावरून भांडण झालं.
हेमूला लढाईतला हवा होता, हातात काहीतरी धगधगतं.
नौमान म्हणाला, खलाशी असू दे.
लांब गेलेला. बस.
मग आम्ही नवाकोरा रंग काथ्यानं घासला,
खाऱ्या हवेनं उडाला असता तिथे तिथे,
आणि बुडाला लावतात तो तांबडा
बरगड्यांपाशी जरा उघडा पडू दिला.
हे मात्र कुणाला शिकवावं लागलं नाही.
गंज कुठून चढायला लागतो ते आम्हाला पाठ आहे.

छातीत दिवा हवा, एवढंच ठरलं होतं.
शेवटी हेमूनं बापाच्या जाळ्यावरचा ब्लिंकर आणला,
अंधार पडला की आपोआप लागणारा.
लाल. हिरवा. लाल.

ऑक्टोबरात, हर्णैच्या लिलावात,
आधी रिकामा सूट माशांच्या काट्यावर ठेवला.
साडेअकरा किलो.
पारूमावशीनं विचारलं, भाव सुरमईचा लावू की कुर्लीचा?
कवच आहे म्हणजे कुर्लीच, असं ठरलं.

मग आत नौमान.
सगळं त्याच्याच मापाचं झालं होतं, न ठरवता.
बारा पावलांत काच वाफेनं भरली.
तारे ओलांडून आलेला तो
बैलगाडीच्या चाकोरीत अडखळला
आणि आतून म्हणाला, काही दिसत नाय, हात धरा.
एका बाजूनं हेमू, एका बाजूनं मी, मागे पोरांचं शेपूट.
कोळंबीच्या पाट्या चुकवत, बर्फाचं पाणी चुकवत
त्याला नेला वाळूच्या पार टोकाला.
मध्येच म्हणाला, लघवीला जायचंय.
उतरवायला चाळीस मिनिटं लागतात.
धर म्हटलं.

मंगळवारी त्याचं दोह्याचं विमान.
तिथल्या शिपयार्डात दोन वर्षांचा करार.
एवढी घाई कशाला, हे जुलैपासून
कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

काळोख झाला. पोरं घरी गेली.
तो गुडघाभर पाण्यात उभा,
समोर सुवर्णदुर्गाचा काळा ढीग,
छातीत लाल, हिरवा, लाल.
उशिरा परतणारी एक होडी सरळ आमच्यावर येत होती.
दिवा बघून तिनं इंजिन हळू केलं,
इथे कुणाचं तरी जाळं आहे समजून
लांबून वळसा घातला.

काय झालं, नौमाननं आतून विचारलं.
काही नाही रे.
उभा राहा अजून थोडा.