बाराव्या ओळीत वारा

हजेरीपटात अकरा पोरांची नावं.
बाराव्या ओळीत मी वारा लिहितो.
आचल नान्हे, हजर. पलाश उईके, हजर.
हेमराज कापगते मामाकडे, तिरोड्याला.
वारा गैरहजर.
कालही. परवाही.

अश्विनात तलाव काठोकाठ असतो,
तेव्हा पान हलत नाही.
वैशाखात कवेलू उडवत वारा येतो,
तेव्हा तळाशी गुडघाभर गाळ.
दोघांच्या मध्ये जेवढे दिवस उरतात
तेवढीच आमची शाळा.

नावा तीन.
दोन फायबरच्या, कुणीतरी टाकून दिलेल्या,
धानाच्या ट्रॉलीत पालथ्या घालून आणल्या.
वाटेत लोक विचारत, टाकी हाय का जी?
तिसरी आम्हीच ठोकली, सागाच्या फळ्यांची;
अजून जराशी डावीकडे रुसते.

शिडं फ्लेक्सची,
ट्विंकलच्या आईच्या मशीनवर शिवलेली.
एकावर 'हार्दिक शु' एवढंच वाचलं,
दुसऱ्यावर कुण्या भावी सरपंचाचा अर्धा चेहरा.
हवा भरली की गाल फुगतो
आणि पोरं ओरडतात,
भाऊ निवडून आले!

पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो.
बाबूने चष्मा कपाळावर सारला.
मासेमारी आहे, म्हणाला, शिंगाडा आहे,
विसर्जन आहे,
पण पोरांना वाऱ्यावर सोडणे
असा रकाना नाही.

पुस्तकात डाव्याउजव्याला वेगळे शब्द होते.
आमच्या जिभेवर ते टिकले नाहीत.
आम्ही म्हणू लागलो मोहाकडची बाजू, मसणाकडची बाजू.
नाव वळली की मोह पाठीमागे जायचा
आणि भर पाण्यात भांडण लागायचं.
शेवटी पलाशने ब्रश घेतला,
नावेच्या एका कडेला लिहिलं मोह,
दुसऱ्या कडेला मसण.
आता मोह आमच्याबरोबर फिरतो.
मसणही.

जाकिटं सात.
म्हणून चौघं कायम काठावर,
एकाकडे शिट्टी, एकाकडे दोर,
दोघं नुसतेच चिडलेले.
अर्ध्या तासाने ओलं जाकीट
एका अंगातून दुसऱ्या अंगात जातं,
आधीच्याची ऊब घेऊन.

दसरूबाबा बांधावर जाळं सांधत बसतात.
साठ वर्षं बांबूने डोंगा रेटलेला माणूस.
हात हायेत ना मास्तर, म्हणतात,
मंग हवेची वाट काहून पायता?
मी दोर गुंडाळत राहतो.

कार्तिकात एक दिवस चारला वारा सुटला,
बांधावरून पाण्याकडे.
आचल एकटीच आत होती.
शिंगाड्याच्या वेलांपाशी नाव उलथली,
अर्धा चेहरा पाण्यात गेला.
शिट्टी माझ्या दातांत होती.
मी ती वाजवली नाही,
का ते अजून सांगता येत नाही.
दसरूबाबा धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात,
हातात जाळं तसंच.

पोरीने खालच्या फळीवर पाय दिला,
देह मागे टाकला,
आणि नाव उठली
झोपेतून उठणाऱ्या म्हशीसारखी, फुरफुरत.

मग ती परतायला लागली.
आधी पार मोहाकडे गेली.
पोट्टी वाट चुकली, बाबा म्हणाले.
मग मसणाकडे. मग पुन्हा मोहाकडे.
दर वळणाला थोडी मोठी दिसत गेली.
नाव चिखलाला टेकली तेव्हा
म्हातारा वळून बांधाकडे बघत होता.
हवा तं माह्या पाठीवर हाय, म्हणाले,
मंग हे समोरून आली कशी?
आचल केस पिळत होती.
तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

त्या दिवशीच्या बाराव्या ओळीत लिहिलं,
हजर, चार ते साडेपाच.

दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं.
बंडीवर जाकीट, बंद न लावलेले,
दसरूबाबा सागाच्या नावेत जाऊन बसले.
आचलने ढकललं, नाव थोडी गेली, थांबली.
तलावाच्या मध्यात म्हातारा,
हात मांडीवर, मध्येच बांबू शोधणारे,
पुन्हा मांडीवर.
ऊन कललं. मी हाक दिली,
या आता, दोर फेकतो.

थांब ना जी, म्हणाले.
येईल.