डुबकीरावांची मूठ

तिकडे उत्तरेत त्याचं नाव एवढं लांब
की एका चौकटीत मावायचं नाही.
लिस्बनमध्ये नुसता नीलो.
मद्रासच्या छापखान्यात कुणी
पाणमांजराला मुंगूस समजलं,
तर बिचारा तीन वर्षं सापांशी भांडला.

बडोद्याला उतरला तेव्हा मूठ वळलेली,
आत काहीच नाही.
मूळचा पाइप कुठल्याशा सरहद्दीवर
सेन्सॉरने खरवडून काढलेला.

शशिकांत गुप्तेकाका फुग्यांत अक्षरं भरायचे,
रावपुऱ्यात, प्रेसच्या माळ्यावर,
दर पानाला बारा आणे.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"अरे, हा तर भुकेला दिसतो."
टाकाच्या टोकाने मुठीत चमचा दिला,
समोर शेव-उसळ.
नाव ठेवलं डुबकीराव, सरदार घराण्यातलं शोभेल असं.

मराठी शब्द आखूड, फुग्यात जागा उरायची.
तिकडचा बडबड्या
इथे तोलूनमापून बोलणारा ठरला.
मुलांची पोस्टकार्डं यायची:
विश्वामित्रीत उतरू नका, मगरी आहेत.

काढणारा हात तिकडे मार्चमध्ये थांबला.
काळी किनार लावून शेवटचं पान छापलं त्यांनी.
आमची पार्सलं बोटीने यायची,
म्हणून आमच्याकडे तो दिवाळीपर्यंत
पोहत राहिला सुरसागरात,
काही कळलंच नसल्यासारखा.

काकांना कळलं होतं.
शेवटच्या फुग्यातला मजकूर त्यांनी पांढरा केला,
दोन दिवस तसाच ठेवला,
प्रेसवाला जिन्यातून ओरडत होता तरी.

मग लिहिलं:
"थोडं तिखट वाढ."