बांधून द्या

दाभोली नाक्यावर, भातगिरणीच्या वरच्या खोलीत
माझं टेबल. खाली कोंडा उडतो,
वर मी शेवंती गिरपांचं दुकान
स्क्रीनवर उघडून बसलोय:
सुकी मासळी, आगळ, तिरफळं. घरपोच.

आधीचं दुकान त्यांच्या भाच्यानं कोल्हापुरात केलेलं.
उघडलं की पहिल्यांदा सूर्यास्त सरकतो,
मग माड, मग एक होडी, तीही केरळची.
तसली छपराची होडी
वेंगुर्ल्यात आजवर कुणी पाहिली नाही.
बांगडा दिसायला चार वेळा बोट ओढायचं.
भाव त्याहून खाली.
टपालखर्च तर अगदी शेवटी,
लग्न ठरल्यावर निघणाऱ्या मानपानासारखा.

मी आकडे दाखवले.
शंभर जण आले, एकतिसांनी टोपली भरली,
तिघांनी पैसे दिले.
"आणि बाकीची?"
टोपली तिथंच ठेवून गेली, काकी.
"खंय गेली?"
ते कळत नाही. जातात.
चाळीस वर्षं बाजारात बसलेली बाई
गप्प झाली.
तिला ती अठ्ठावीस माणसं
पाठमोरी दिसत असावीत.

रविवारी त्यांनी मला मासळीबाजारात नेलं,
शेजारी गोणपाटावर बसवलं.
"बघ. नि तोंड बंद ठेव."

पुढं गोलमो, कारण तो सगळ्यांना परवडतो.
खारी सुरमई मागं, पण दिसेल अशी.
भाव विचारायच्या आत सांगितलेला.
बाई जरा वाकली की काकींचा हात पिशवीकडे.
नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.
आणि आमच्या फॉर्मात अकरा रकाने,
त्यात जन्मतारीख.

पंधरा दिवस नुसतं मोडत बसलो.
सूर्यास्त काढला. भाचा रुसला.
रकाने चार उरले.
फोटो नव्यानं, त्यांच्या ओसरीवर,
सकाळी साडेआठच्या उन्हात, धुतलेल्या पंचावर,
आणि बांगड्याशेजारी मापाला त्यांचा हात:
एक पाटली, मीठ शिरलेल्या भेगा.
भेगा पुसता येतील, मी म्हटलं.
"कित्याक?"

बटणावर होतं, 'खरेदी पूर्ण करा'.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"असा कोण बोलता?"
आता तिथं आहे: बांधून द्या.

आणि सगळ्यात वर, दुकानाच्या नावाच्याही आधी
त्यांचंच वाक्य: वास येतो. येणारच.
पुण्याहून परत आलेल्या तीन पाकिटांवरचा उपाय.
त्यानंतर एकच परत आलं, तेही पत्ता चुकून.

जुलैत तिघांचे नऊ झाले.
ऑगस्टात आलेख पायरी चुकल्यासारखा कोसळला.
रात्रभर जागून मी ओळ न् ओळ तपासली,
बटण दाबून दाबून पाहिलं,
उजाडताच काकींचं दार गाठलं.
त्या अळूची देठं सोलत होत्या.
"शिरा पडो तुझ्या कॉम्प्युटरार.
अरे, श्रावण लागलो न्हय!"

एक गोष्ट मात्र त्यांनी हट्टानं करून घेतली.
भरलेली टोपली अर्ध्या तासानं
आपोआप रिकामी व्हायची. तशी पद्धत असते.
"रिकामी कशी करतस?
मी बाजूक काढून ठेवतंय, फडक्याखाली, सांजपर्यंत."

तर आता कुणाचीच टोपली रिकामी होत नाही.
नागपूरकडचं कुणीतरी आहे.
रात्री पावणेबाराच्या पुढं येतं.
पाव किलो गोलमो टोपलीत घालतं,
कधी त्याचा अर्धा पाव करतं, पुन्हा पाव करतं,
आणि निघून जातं.
अकरा आठवडे झाले.

"तां गिऱ्हाईक इला?" काकी रोज विचारतात.
नाही, म्हणतो मी.
त्यांच्या खुंटीवर, मी पाहिलंय,
एक पिशवी टांगलेली आहे, गाठ मारून.
पाव किलो.