मधली पांढरी पट्टी

कॉमिकमध्ये सोपं असतं.
पहिल्या चौकटीत झिंक गच्चीच्या कठड्यावर,
दुसरीत रस्त्यावर, एक गुडघा टेकून,
भोवती फुटलेलं डांबर, वर पिवळ्या अक्षरांत धडाम्.
मधे बोटभर पांढरी पट्टी.
ती पट्टी म्हणजे मी.

लोर्ना टिमचुक. कॅमलूप्सच्या शाळेत ट्रॅम्पोलीन,
नंतर व्हँकुव्हरला पडेल ते काम.
अक्षरशः म्हणते आहे:
जिन्यावरून, घोड्यावरून, एकदा जळत्या बोटीवरून,
पडेल ते.

मंगळावरची वसाहत म्हणजे न्यू वेस्टमिन्स्टरची
बंद पडलेली कागद गिरणी.
नोव्हेंबर. रात्रपाळी. फ्रेझर नदीवरून
भिजल्या ओंडक्यांचा वास.
मंगळावर पाऊस पडत नाही,
म्हणून दोन माणसं फक्त ताडपत्री धरायला,
आणि ग्वेनिथ, लाल वाळूवरचे थेंब
हेअर ड्रायरने वाळवत बसलेली.
झिंकचा जस्ताचा हात फोमचा होता.
भिजला की किलोभर जड.
उडीआधी मी तो पिळून काढायचे,
लादी पुसायच्या फडक्यासारखा.
जगाला वाचवणारा हात.

खाली केळ्यांची रिकामी खोकी, चार थर, वर गादी.
दबताना त्यांतून हवा सुटते
म्हाताऱ्या गाईने उसासा टाकावा तशी.
तो आवाज अजून झोपेत येतो, आणि बरं वाटतं.

चेहरा दाखवायचा नाही, असा करार.
माझी मान, पाठ, पोटऱ्या
तेवढ्या त्या मालिकेत आहेत.
चेहरा रोझलिंडचा. तिला उंचीची भीती.
चांगली होती ती; प्रत्येक उडीनंतर
थर्मासमधलं स्वतःचं सूप पाठवायची.
स्वतः यायची नाही. बघवायचं नाही म्हणे.

एका रात्री ऑर्विल प्रुडेन आला,
कॉमिक काढणारा माणूस,
मूस जॉहून बसने, अख्खा दिवस नि रात्र,
बुटांवर तिकडच्या रस्त्यांचं मीठ.
कुणी ओळखलं नाही.
पहाऱ्यावरच्या पोराने त्याला एक्स्ट्रांच्या रांगेत लावलं
आणि तो निमूट उभा राहिला, लाल हेल्मेट घालून,
आपणच वसवलेल्या गावात, डावीकडून तिसरा.

माझी उडी झाल्यावर खोक्यांपाशी आला.
"मधे किती वेळ लागतो?"
कशाच्या मधे?
"तेवीस वर्षं मी तिला पाडतोय," म्हणाला,
"आणि हा प्रश्नच कधी पडला नाही."
दीड सेकंद, मी म्हटलं. चार मजले.
त्याने ते तळहातावर पेनने लिहून घेतलं.
"दुखतं?"
दुसऱ्या दिवशी.

तेरा भाग ठरलेले. नऊ झाले. सहा दाखवले,
त्यातही तिसरा पाचव्यानंतर,
म्हणजे मेलेला खलनायक काही न सांगता परत आला
आणि एका आठवड्यात पुन्हा मेला.
शुक्रवारी हॉकी असायची. कोण बघणार?

नवव्या भागात खालचे दोन थर ओले होते.
खोक्यांनी उसासा टाकला नाही.
उजवा खांदा. एक पट्टी, सहा स्क्रू.
इस्पितळात सही घ्यायला आलेल्या मुलीनेच सांगितलं
की गाशा गुंडाळलाय, कालच.
ती उडी कुणीच पाहिली नाही.
फोमचा हात लिलावात चाळीस डॉलरना गेला.
खरा माझ्याकडे आहे,
विमानतळावर यंत्र वाजतं तेव्हा
मी बाही वर करून दाखवते.

मार्चमध्ये मूस जॉहून एक पाकीट आलं.
एकच पान. डावीकडे कडेला चिकटून कठडा,
उजवीकडे कडेला चिकटून टेकलेला गुडघा,
आणि मधे सगळा कागद कोरा.
धडाम् नाही. सहीसुद्धा नाही.
स्वयंपाकघरातल्या दिव्यासमोर धरला
की खोडरबराच्या खुणा दिसतात:
काहीतरी काढलं होतं त्याने तिथे,
बऱ्याचदा काढलं होतं.
मान असावी.