शून्य तिकीट

बेकिनकेऱ्याची पहिली गाडी, सहा चाळीस.
मशीन जीभ काढतं: रुपये शून्य.
बायकांचं तिकीट. मी आधार बघतो, फाडतो, देतो.
उचगाव फाट्यावर शिनोळीची कोण चढली
तर तिला पूर्ण पैसे.
एवढ्याशा हद्दीनं शून्याची किंमत बदलते.

रात्री डेपोत शून्यंसुद्धा मोजून द्यावी लागतात.
काल दोनशे सत्तेचाळीस.
अकरा वर्षं झाली या पट्ट्यावर,
रुपयाचा फरक नाही. विचारा कॅशियरला.

आज पावशांची निकिता चढली.
पॅड, कंपास, हॉल तिकीट प्लास्टिकात.
"कसला पेपर गं?"
"गणित."
असं म्हणाली, जणू घरात कोण आजारी आहे.

आणि मी उभ्या उभ्या नववीत.
मोदगेकर सर, फळ्यावर खडू टेकवून:
"हे पोरं सोडवतील. पोरींनी
सुबक अक्षरात उतरून घ्या, काय?"
रागानं नव्हे. मायेनं म्हणाले.
राग असता तर भांडलो असतो.

आमच्याकडं बाई पण येतो म्हणते, जातो म्हणते.
पुण्याची जाऊ ऐकून पदरात हसते.
म्हणजे बोलण्यात मला कुणी बाई केलं नव्हतं,
केलं ते बीजगणिताच्या तासाला.

परीक्षेत रीत आठवत होती की.
पण एका बाजूला आकडे,
दुसऱ्या बाजूला माझ्याच आवाजात कोणतरी
बघ हं, चुकशील, बघ हं,
आणि दोघांना सांभाळायला डोकं एक.
हातचे तीन मी हातातच घेऊन बसलो.
घंटा झाली.
छत्तीस गुण. घरात कोण काही बोललं नाही,
पोरीला छत्तीस म्हणजे बरेच.

गेल्या महिन्यात माझी धाकटी वही घेऊन आली.
वर्गसमीकरण.
मी भाकरी थापत म्हणालो, "पप्पाला विचार, मला कुठलं येतंय."
पप्पा सातवीत शाळा सोडलेला.
तिनं वही मिटली, आणि मला
भाकरीचा वास जळका आला.

सुळगा मागं गेलं. निकिता ओठ हलवत सूत्रं घोकत होती.
मी म्हणालो, "ए, तीन फुल, दोन हाफ.
फुल तेवीस, हाफ बारा. पाचशेची नोट. किती परत?"
"चारशे सात."
मशीनवर माझं बोट अजून पोचलं नव्हतं.
"बघ की. येतंय नव्हे?"
"अक्का, हे कुठलं गणित. हा हिशोब."

हिंडलग्याला गाडी थांबली. दोन उतरले, नऊ चढले,
त्यात सहा शून्य.
मी परत बघितलं तर
तिकिटाच्या पाठीवर, जिथं कोरं असतं,
ती बारीक अक्षरात काहीतरी सोडवत होती,
पेन्सिल दातात, मग कागदावर, मग दातात.
मला बोलायचं होतं.
मागून कोण ओरडलं, सुट्टे द्या, सुट्टे.